पट्ट्याची आतली बाजू

इब्राम मेस्त्रीवर माझा अजून राग आहे. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण मी गल्लोगल्ली भंगार गोळा करत वर आलेला माणूस. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला काही फुकट दिलं नाही. मग माफी तरी फुकट का द्यावी? ज्यांच्यावर राग नव्हता अशी कितीतरी माणसं मी विसरून गेलो. मेस्त्री मात्र आठवड्यातून एकदा तरी समोर येऊन बसतो, मांडीवर लाकडी ठोकळा आणि तोंडात मेण लावलेला दोरा घेऊन.

कोल्हापूरच्या शनिवार पेठेतल्या एका बोळात त्याचं दुकान होतं. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं, एवढीच जागा. तो पट्टे करायचा. वजनं उचलणाऱ्यांचे कंबरपट्टे, मनगटाचे पट्टे, गुडघ्याला बांधायच्या कातडी पट्ट्या. कोल्हापुरातल्या निम्म्या तालमी त्याच्या पट्ट्यांवर उभ्या होत्या असं म्हटलं तरी चालेल. बुटका माणूस, दाढी कात्रीने कापलेली, बोलणं अगदी थोडं. उजव्या हाताचा अंगठा डाव्यापेक्षा दीडपट रुंद. त्या अंगठ्यानेच त्याचं सगळं शहाणपण चालायचं.

त्याचा बाप संस्थानच्या पागेत घोड्यांची जीनं शिवायचा. हाही तिथेच शिकला. संस्थान विलीन झालं, घोडी विकली गेली आणि मेस्त्री या बोळात येऊन बसला. "घोडी गेली, पैलवान ऱ्हायलं. कातडं तेच," एवढीच तो आपली हकिगत सांगायचा.

पागेत तो एक गोष्ट शिकला होता. जीन घोड्याच्या पाठीवरून काढलं की ते उलटं करायचं आणि आतल्या बाजूवरून अंगठा फिरवायचा. कुठे कातडं गुळगुळीत झालंय, कुठे घामाने काळं पडलंय, कुठे खरवडलंय. त्यावरून घोड्याची पाठ कुठे दुखते, तो कुठल्या पायावर भार टाकायचं चुकवतो, हे कळायचं. जनावर लंगडायच्या आधी महिना-दीड महिना कळायचं. तीच विद्या त्याने माणसांना लावली. पट्टा दुरुस्तीला आला की आधी उलटा करायचा, डोळे मिटायचे आणि अंगठा फिरवायचा. मी एकदा विचारलं, "मेस्त्री, समोर माणूस उभा हाय. त्यालाच इचारा की काय दुखतंय?"

तो म्हणाला, "पावणं, घोडं बोलत न्हाय, आन पैलवान खरं बोलत न्हाय. कातड्याला इचारल्यालं बरं."

मला तो कायम 'पावणं' म्हणायचा. भंगाराची ओझी उचलायला पट्टा हवा म्हणून पहिल्यांदा गेलो, ते बारा वर्षं मी त्याच्याकडे जात होतो. तालमीतल्या कालच्या पोरांना तो नावाने हाक मारायचा, पण मी पावणाच. हे मला लागायचं. दुसरं लागायचं ते म्हणजे त्याच्याशी घासाघीस करता यायची नाही. आकडा एकदा सांगायचा आणि खाली मान घालून शिवायला लागायचा. मी उठून बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन बघितलं, परत बोलावतो का. कधीच बोलावलं नाही. माझा सगळा जन्म सौद्यात गेला. समोरचा कुठे ओढतो, कुठे सोडतो, त्यावरून मी माणूस ओळखतो. मेस्त्री मला कधी ओळखूच आला नाही.

त्याचे नियम होते. जुना पट्टा परत आणल्याशिवाय नवा द्यायचा नाही. ते जुने पट्टे तो भिंतीवर खुंट्यांना लावून ठेवायचा, सगळे उलटे, आतली बाजू बाहेर. त्या भिंतीला तो 'पागा' म्हणायचा. दुसरा नियम असा, की नवा पट्टा ओला करून गिऱ्हाइकाच्या कमरेला आवळायचा आणि अंगावरच वाळवायचा. गिऱ्हाईक बोळात बैठका मारतंय, घाम गाळतंय, शेजारचे हसतायत आणि हा आतून म्हणतोय, "आजून ओला हाय. मार की लेका, अंडी खातोस न्हवं?" संध्याकाळपर्यंत पट्टा वाळला की तो त्या एका कमरेचा होऊन जायचा. दुसऱ्या कुणाला तो बसायचाच नाही.

हुपरीचा एक चांदीवाला पोराला घेऊन आला होता. घरच्या कारखान्यात घडवलेलं चांदीचं बक्कल आणलं होतं, त्यावर वाघाचं तोंड. मेस्त्रीने बक्कल दाताने चावून बघितलं आणि परत दिलं. "चांदी मऊ असती, शेठ. पोटावर दाब आला की वाघ तोंड वाकडं करील. ह्याचं पैंजण करा, घरात घालाय होतील." चांदीवाला लालबुंद झाला. मेस्त्रीच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो विनोद करत होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

माझी तेव्हा उद्यमनगरात छोटी फाउंड्री झाली होती. इंजिनचे भाग ओतायचो. पण तालमींतून वजनं उचलायचं वेड वाढलेलं बघून मी बिडाच्या चकत्या आणि डंबेल्स ओतायला लागलो होतो. माल खपत होता, पण काही महिन्यांनी डंबेल्स परत यायला लागले. कुणी कारण सांगेना. मेस्त्रीकडे एक मनगटपट्टा दुरुस्तीला आला होता. त्याने तो माझ्यापुढे टाकला. "पावणं, तुमचं डंबेल वापरणारा हाय ह्यो. मूठ फिरवून धरतोय. मनगट वाकडं पडतंय. तुमच्या डंबेलच्या मुठीत कायतरी टोचतंय."

मी भडकलो. माझ्या मालात खोट काढतो! पण कारखान्यात येऊन डंबेल हातात घेतला आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक रेघ राहून गेली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, पण तळहाताला कळत होती. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मूठ कानसून पाठवायला लागलो. माल परत येणं थांबलं. मी त्याचे आभार मानले नाहीत. त्यानेही कधी विषय काढला नाही.

शिवा माझ्या फाउंड्रीत कामाला होता. उचगावचा. ओतलेला माल घासून साफ करायचा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा गडी, नव्याने लग्न झालेलं, आणि अंगात अशी ताकद की दोघांनी सरकवायचा साचा एकटा उचलायचा. मी त्याला वजनं उचलायला लावलं. खुराक माझा, पट्टा माझा. शाळा-कॉलेजांत माल दाखवायला गेलो की शिवा उचलून दाखवायचा आणि मी भाव बोलायचो. त्याला एकच गोष्ट मी शंभर वेळा बजावली होती. उचललेलं वजन टाकायचं नाही. बीड आहे, पडलं की तडकतं. गिऱ्हाइकासमोर चकती तडकली तर सौदा गेलाच. शिवा वजन असं खाली ठेवायचा की आवाजही व्हायचा नाही. बघणारे त्याच्या उचलण्यापेक्षा ठेवण्यालाच जास्त मान द्यायचे.

मोठ्या दुष्काळाच्या आसपासची गोष्ट. एका कारखान्याने कामगारांसाठी व्यायामशाळा बांधली होती आणि सगळं सामान एकाच ठिकाणाहून घ्यायचं ठरवलं होतं. डंबेल्स, चकत्या, बाक आणि पन्नास पट्टे. मी मेस्त्रीकडे गेलो. म्हटलं, पन्नास पट्टे करा, लहान, मधला, मोठा अशा तीन मापांत.

"माणसं तीन मापांत येत्यात व्हय?"

"पायताण येतंय की मापात."

"पायताण चावतंय, पायाला घट्टा पडतो, मग बसतंय," तो म्हणाला. "कंबरंला घट्टा पडत न्हाय, पावणं."

तास झाला. मी भाव वाढवून बघितला, घटवून बघितला, शेवटी आवाज चढवला. पन्नासचं काम त्याने घेतलं नाही. मग म्हटलं, निदान शिवाला तरी नवा पट्टा द्या, माल दाखवायला जायचंय. मी जुना पट्टा बरोबर आणलाच होता. त्याने तो उलटा केला, डोळे मिटले. अंगठा एका जागी थांबला. पुढे गेला, परत त्याच जागी आला.

"पट्टा कोण घेणार?" त्याने विचारलं.

"मीच की. माझा गडी हाय."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मग मालक, ऐका. डाव्या अंगाला, मणक्यापास्नं तीन बोटांवर कातडं खाल्लंय. गडी दुखणं दडवालाय. सहा महिनं त्याला वजन उचलाय लावू नगा. नवा पट्टा मी देत न्हाय."

बारा वर्षांत तो मला पहिल्यांदा 'मालक' म्हणाला. आणि मी काय समजलो? मी समजलो की आता हा भावावर आला. तास-दीड तास ओढाताण चाललेली, मोठी ऑर्डर समोर, आणि समोरचा एकाएकी मालक म्हणतो, देत नाही म्हणतो. मी तसंच समजणार. बाजारात असंच बोलतात. मी हसलो आणि म्हटलं, "किती पायजेत त्ये सांगा की मेस्त्री. गोल गोल कशाला फिरवालाईसा?"

 मेस्त्रीने शिवाचा पट्टा खुंटीला लावला, उलटा. "सांगायचं त्ये सांगितलं, मालक," म्हणाला आणि शिवायला लागला.

मी बोळातून तरातरा बाहेर पडलो. शिवाला यातलं काही सांगितलं नाही. सौद्यातली बोली कुणी गड्याला सांगतं का?

पट्टे दुसरीकडून घेतले. तयार माल, जाड कातडं, चकचकीत बकलं, तीन मापांत. शिवाला त्यातलाच एक दिला. त्याने तो कमरेला लावला, दोनदा सारखा केला आणि म्हणाला, "जरा ताठ वाटालाय, मालक." मी म्हटलं, नवा आहे, होईल सैल.

त्या व्यायामशाळेचा दिवस मला खुर्च्यांसकट आठवतो. पुढच्या रांगेत साहेब लोक, मागे कामगार. पहिली दोन वजनं शिवाने सहज उचलली. तिसऱ्याला त्याने वजन डोक्यावर नेलं आणि एक आवाज झाला. मोठा नव्हता. वाळकी फांदी मोडल्यासारखा. मला वाटलं, बक्कल तुटलं. शिवा हलला नाही. वर धरलेलं वजन त्याने आधी छातीवर आणलं, मग मांडीपर्यंत, मग हळूहळू फरशीवर ठेवलं. कसलाही आवाज न होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिवा वाकलेलाच राहिला, हात दांड्यावर, आणि माझ्याकडे बघून हसत होता. त्याला सरळ होता येत नाही हे लक्षात येईपर्यंत तो का हसतोय ते मला कळलं नाही.

ऑर्डर मला मिळाली.

मणका सरकून शिर दबली, डावा पाय गेल्यातच जमा, असं डॉक्टर म्हणाले. हे दुखणं जुनं असणार, असंही म्हणाले. ते ऐकलं आणि मी दवाखान्यातून थेट बोळात गेलो.

दोन पैलवान बसले होते. त्यांच्यादेखत मी मेस्त्रीला तोंडाला येईल ते बोललो. मी म्हटलं, "तुला कळालं हुतं तर त्याला का न्हाय सांगितलंस? आठ दिस आधी त्यो तुझ्या दारावरनं सायकलनं गेलता. त्याला हाक मारून सांगायला काय झालं हुतं?"

मेस्त्री म्हणाला, "तुमास्नी सांगितलं हुतं."

"मला! मला सांगून काय उपेग? पाठ कुणाची?"

"घोड्याचं मालकालाच सांगत्यात," तो म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला. त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं ते.

"त्यो घोडा न्हवता!" मी ओरडलो. बोळाच्या तोंडाला माणसं जमली.

मेस्त्रीच्या हातातली कातडं टोचायची आरी ठोकळ्यावर तशीच राहिली. तो भिंतीकडे बघत राहिला, त्या उलट्या पट्ट्यांकडे. मग म्हणाला, "व्हय. न्हवता."

माझा राग हाच आहे. माझा वाटा मी नाकारत नाही. बाजारात वाढलेल्या माणसाला त्याने बाजारात, सौद्याच्या मध्ये, एकदाच, हळू आवाजात ते सांगितलं. ओरडला असता तर? माझं मनगट धरलं असतं तर? आणि जिथे सांगायचं तिथे त्याने सांगितलंच नाही. मी नाही सांगितलं ते व्यापारी म्हणून. त्याने नाही सांगितलं ते कशासाठी? जन्मभर माणसांची अंगं वाचली, आणि माणसाला मात्र तोंड असतं हे विसरला.

त्यानंतर मी त्याच्या दुकानात पाय टाकला नाही. पुढचं सगळं ऐकीव. त्याने भिंतीवरचे पट्टे काढले आणि ज्याचा त्याला नेऊन दिले. नुसते दिले नाहीत. प्रत्येकाला समोर बसवून, आतली बाजू दाखवून, काय दिसतंय ते सांगितलं. तुझा उजवा गुडघा गेलाय. तू श्वास चोरतोस. तुझी कंबर आता दोन वर्षांची धनी. पैलवानाला असलं ऐकायची सवय नसते. एकाने पट्टा गटारात फेकला. "म्हातारा झालोय म्हणतोस व्हय रं मला?" दुसऱ्या तालमीत वस्तादांनी सांगून टाकलं, मेस्त्रीकडे कुणी जायचं नाही, पोरांची मनं खचतात. पागा रिकामी झाली तशी गिऱ्हाइकंही गेली. सांगायला नको, पण सांगतो. त्याची बरीच गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. मी तोवर स्वतःच पट्टे काढायला लागलो होतो. लहान, मधला, मोठा. कर्नाटकापर्यंत जात होते.

शिवाला मी फाउंड्रीच्या फाटकावर राखणीला बसवलं. चार वर्षं बसला. मग बसणंही होईना तेव्हा उचगावला घरी गेला. पगार मी बंद केला नाही, हे गावाला माहीत आहे. मी त्याच्या घरी जायचो ते सणासुदीला. तो खाटेवर सरळ व्हायचा प्रयत्न करायचा. मी विचारायचो, "काय शिवा, कसं काय?" तो म्हणायचा, "बेस हाय, मालक." इतक्या वर्षांत त्याने मला दुसरं उत्तर दिलं नाही.

असंच एका दिवाळीच्या आधी फराळाचा डबा घेऊन गेलो. दुपार होती. दारात अनोळखी पायताणं. शिवाची बायको पाणी भरत होती. म्हणाली, "मेस्त्री आल्यात. दर महिन्याला येत्यात की. तुमास्नी ठावं न्हवतं?"

मला ठावं नव्हतं. मी दाराशी थांबलो.

मेस्त्री फार म्हातारा झाला होता. शिवाच्या खाटेजवळ जमिनीवर बसून त्याने शिवाच्या कमरेला एक रुंद, मऊ कातड्याचा पट्टा आवळला होता. नवा, ओला. शिवाला बैठका मारता येत नव्हत्या, म्हणून पट्टा वाळेपर्यंत मेस्त्री नुसता शेजारी बसून राहायचा असणार. त्याच्या मांडीवर शिवाचा जुना पट्टा होता, उलटा. मी दहा वर्षं पट्टे काढत होतो. डाव्या बाजूला, तीन बोटांवर, कातडं काळं पडून खाल्लेलं मला दारातूनही दिसलं. पण मेस्त्रीने त्यावर अंगठा फिरवला नाही. तो पट्टा त्याने सुलटा केला आणि बाजूला ठेवला.

"कुठं टोचतंय?" त्याने शिवाला विचारलं.

"कुठं न्हाय, मेस्त्री. बेस बसलाय."

"न्हाय. तू सांग. मी आता कातड्याला इचारत न्हाय."

शिवा काही बोलणार, तेवढ्यात त्याची नजर दाराकडे गेली. मला बघून तो कोपरांवर भार देऊन उठायला लागला. चेहऱ्यावर तेच हसू. "मालक आल्यात," तो म्हणाला. "या की, मालक. बेस हाय समदं."

मेस्त्रीने मान वळवली. बऱ्याच वर्षांनी आम्ही एकमेकांकडे बघत होतो. त्याच्या नजरेत ना राग होता ना ओळख. त्याने शिवाच्या छातीवर हात ठेवून त्याला परत निजवलं.

"पावणं," तो मला म्हणाला, "जरा भाईर थांबा."

मी अंगणात येऊन उभा राहिलो, हातात डबा घेऊन. मेस्त्रीने दार लोटून घेतलं.  मग शिवाचा आवाज आला. हळू. शब्द कळत नव्हते. तो काहीतरी सांगत होता आणि थांबत नव्हता.